तिसऱ्या पानावरचं कोल्हं

इंग्रज माणूस घाबरला की त्याचे पाय गार पडतात, काळीज तोंडात येते आणि अंगाचे कातडे पिसे उपटलेल्या बदकासारखे होते. आपले तसे नाही. आपल्या काळजाचे पाणी होते, हातपाय गळतात आणि बोबडी वळते. त्यांचे काळीज वर चढते, आपले पातळ होते. ‘कोल्ड फीट’, ‘हार्ट इन द माउथ’ आणि ‘गूज फ्लेश’ ही तिन्ही रत्ने माझ्या वहीत एकाच पानावर होती, आणि ती वही मांडीवर घेऊन मी सोलापुरात कचेरीसमोरच्या लिंबाखाली अठरा वर्षे इंग्रजी अर्ज लिहीत बसलो. भीतीची इतकी इंग्रजी नावे पाठ असलेला माणूस सगळ्या शहरात दुसरा नव्हता. खुद्द भीतीची गाठ पडायची तेवढी राहिली होती.

ती कशी पडली ते सांगतो. पण आधी धंदा समजून घ्या, नाहीतर माझा गुन्हा तुमच्या लक्षात यायचा नाही.

अर्जात चार गोष्टी असतात. कोण मागतो, कोणाकडे मागतो, काय मागतो आणि का मागतो. अर्ध्या कागदात मावतात. पण तसा अर्ज लिहून दिला की गिऱ्हाईक तो उलटासुलटा करून बघे आणि विचारी, “एवढंच?” त्याचेही काही चुकत नव्हते. माणूस सरकारपुढे जाताना धुतलेले धोतर नेसून जातो, मग अर्ज काय उघडा पाठवायचा? म्हणून आमच्या लिंबाखाली एक रीत होती. अर्ज लिहून झाला की तो गिऱ्हाइकाला मोठ्याने वाचून दाखवायचा, आणि तोही इंग्रजीत! गिऱ्हाईक, त्याची बायको, भाऊ, सोबत आलेला शेजारी असे सगळे धुळीत उकिडवे बसून डोळे मिटून ऐकत. एक अक्षर कोणाला कळत नसे. आवाज घुमला पाहिजे, दोन ठिकाणी चढला पाहिजे आणि शेवटी दबकत खाली आला पाहिजे. मग माना डोलत. “जड झालाय,” असे कोणी म्हटले की अर्ज पसंत. “मास्तर, जरा पातळ वाटतोय,” म्हटले की मी पुन्हा टाक शाईत बुडवी. दोनच वर्षे शाळेत शिकवले होते, पण ‘मास्तर’ हे नाव जन्माचे चिकटले ते चिकटले.

जडपणा यायचा तो वाक्प्रचारांनी. ते मी वेचून वेचून गोळा केले. फुटाण्यांच्या पुडीचे इंग्रजी वर्तमानपत्र मी कधी फेकले नाही. गिरणीतल्या गोऱ्या इंजिनियरच्या मागे मी उगीच चार पावले चालत असे. रेल्वेचा एक गार्ड हमालांना शिव्या द्यायचा, त्यातूनही मला दोन चांगले सापडले. रात्री जेवण झाले की ते सगळे वहीत चढवायचे, समोर अर्थ लिहायचा. ‘स्मेल अ रॅट’, उंदराचा वास येणे, म्हणजे संशय येणे. ‘रेड टेप’, तांबडी फीत, म्हणजे कचेरीत कागद इकडून तिकडे फिरत राहणे आणि काम न होणे. ‘टर्न अ डेफ इअर’, बहिरा कान वळवणे, म्हणजे ऐकून न ऐकल्यासारखे करणे. ही शेवटची दोन मी साहेबाला लिहीत नसे. साहेबाला झोंबली असती.

माझी खरी खोडी पुढेच होती. वाचून झाल्यावर मी गिऱ्हाइकाला त्यातले नग समजावून सांगत असे. बोरामणीकडचा एक म्हातारा पावसात घर पडले म्हणून आला. मी ‘रेनिंग कॅट्स अँड डॉग्ज’ घातले आणि त्याला म्हटले, “बाबा, आभाळातून कुत्री-मांजरं पडली असं लिहिलंय. म्हणजे मुसळधार.” म्हातारा आनंदाने लालेलाल. आठ दिवसांत त्याच्या गावचा पाटील हजर.

“मास्तर, आमच्या अर्जात बी कुत्री-मांजरं पाडा.”

“अहो पाटील, तुमचा अर्ज बंदुकीच्या परवान्याचा आहे.”

“मग? ती पडल्याबिगर बंदूक कशावर झाडू?”

नरसय्या नावाचा एक विणकर होता. त्याच्या मेव्हण्याच्या अर्जात मी ‘क्रोकोडाइल टिअर्स’ घातले होते. मगरीचे अश्रू म्हणजे खोटे रडे. मेव्हणा ते साऱ्या गल्लीत सांगत सुटला. नरसय्या माझ्यापुढे येऊन बसला तो रुसूनच. “मास्तर, त्याला मगर दिली. मला तिच्यापेक्षा मोठं काय हाय ते द्या.” त्याला दारापुढचा फुटका हौद काढून हवा होता. मी ‘व्हाइट एलिफंट’ दिला. पांढरा हत्ती म्हणजे पोसायला महाग आणि कामाला कुचकामी वस्तू. फुटक्या हौदाला तो बसलाही छान. नरसय्या टोपी सावरत उठला. “मेव्हण्याला म्हणतो, आता तुझी मगर बांधून ठेव, माझा हत्ती आलाय!”

असा माझा बाजार होता. काही अर्ज मंजूर होत, काही होत नसत. मंजूर झालेले माझ्या वाक्प्रचारांनी झाले असे मी धरून चालत असे आणि नामंजूर झालेल्यांचा विचार करत नसे. आता भीतीकडे येतो.

पंचवीस-सव्वीस सालचा सुमार असेल. थंडी सरत आली होती. मंगळवारी दुपारी एक धनगर जोडपे लिंबाखाली आले. बिरू उंच, अबोल, खांद्यावर घोंगडी. त्याची बायको म्हाकूबाई ठेंगणी आणि तोंडाची फटकळ. तिच्या उजव्या हाताला मनगटापासून कोपरापर्यंत फडके गुंडाळलेले होते, आणि त्यातून हळदीबरोबर आणखी काहीतरी पाझरत होते.

“कोल्हं चावलं,” ती म्हणाली.

मंगळवेढ्याकडच्या माळावर त्यांची मेंढरे बसली होती. रविवारी झुंजुमुंजू व्हायच्या वेळी कोल्हे वाघरीत शिरले. वाघर म्हणजे मेंढरांभोवती ताणलेली जाळी. “कुत्री अंगावर ग्येली तरी ढळंना,” म्हाकूबाई सांगू लागली. “कोल्हं असं करत न्हाय. तवाच म्या वळखलं, ह्ये शानं न्हाय.”

“मग तुम्ही काय केलंत?”

“म्या तरी कुटं शानी? धरली त्याची मुंडी.”

“हिनं धरली, म्या काठी घातली,” बिरू म्हणाला. “मेलं.”

“मेलं, पर आदी चावलं की.”

ती हसली. मला हसता आले नाही. मी लहान असताना शुक्रवार पेठेत आमच्या बोळात एक शिंपी पिसाळलेले कुत्रे चावून मेला होता. चावले तेव्हा काही झाले नाही. जखम भरली, तो पुन्हा यंत्रावर बसला, आम्ही सगळे विसरलो. दीड महिन्याने एका सकाळी त्याने पाण्याचा पेला तोंडाला लावला आणि फेकून दिला. घसा आवळला, डोळे बाहेर आले. मग पेला दिसला तरी तेच, कोणी नुसते पाण्याचे नाव काढले तरी तेच, दाराची फट उघडून वाऱ्याची झुळूक आली तरी तेच. तहानेने तो ओरडत होता आणि पाण्याला भीत होता. तिसऱ्या दिवशी संपला. त्याचा आवाज अजून कधीकधी माझ्या कानात येतो. हा रोग एकदा अंगात दिसू लागला की त्यातून कोणी उठत नाही. तो दिसायच्या आत सुया टोचल्या तर माणूस वाचतो. आत म्हणजे किती आत, हे कोणालाच सांगता येत नाही.

त्या सुया तेव्हा मुंबईला मिळत. गरिबाला सरकारकडून गाडीचा पास आणि दवाखान्याच्या नावाची चिठ्ठी मिळे, पण त्यावर एका गोऱ्या साहेबाची सही लागे. त्याचे नाव आणि हुद्दा सांगत नाही. चिठ्ठीशिवाय तिथे कोणी दारात उभे करत नाही असे आम्हाला सांगितलेले होते आणि आम्ही सगळे ते खरे मानत होतो.

म्हणजे अर्जावर एका बाईचा जीव होता. आणि मी, अठरा वर्षांचा मुरलेला मूर्ख, मनात म्हणालो, एवढ्या मोठ्या कामाला आपला सर्वांत जड अर्ज पाहिजे.

मी वही उघडली. पहिल्या पानावर साहेबाची स्तुती आणि ‘बोल्ट फ्रॉम द ब्लू’. निरभ्र आभाळातून वीज पडणे, म्हणजे ध्यानीमनी नसताना संकट कोसळणे. दुसऱ्या पानावर ‘हँगिंग बाय अ थ्रेड’, जीव एका दोऱ्याला लोंबकळणे. त्याखाली ‘अ‍ॅट डेथ्स डोअर’, मरणाच्या दारात उभे असणे. अर्जदाराचे अश्रू मगरीचे नाहीत याची ग्वाही. साहेबाने ‘मूव्ह हेवन अँड अर्थ’ करावे, म्हणजे स्वर्ग आणि पृथ्वी हलवावी, जिवाचे रान करावे, अशी विनंती. लिहिता लिहिता माझेच डोळे भरून आले. मग रीतीप्रमाणे उभा राहून वाचला. शेजारचे दोन अर्जनवीस काम थांबवून ऐकत राहिले. बिरूने मान डोलावली. म्हाकूबाईने डोळे मिटले नव्हते.

“मास्तर, ह्यात कोल्हं कुटं आलं?”

“येतं की. तिसऱ्या पानावर.”

“इतक्या उशिरा? आमच्या हितं तर त्ये पयल्याछूट आलं हुतं.”

“गप की,” बिरू म्हणाला. “मास्तरास्नी कळतंय.”

मी मोठेपणाने हसलो आणि अर्ज आत नेऊन दिला.

बुधवारी उत्तर नाही. ती दोघे लिंबाखाली बसून होती. मी दर घटकेला कचेरीच्या दाराकडे बघत होतो आणि त्यांना ‘आज येईल’ म्हणत होतो. म्हाकूबाई भाकरी खात होती तेव्हा माझे लक्ष तिच्या हातातल्या तांब्याकडे होते. ती प्याली. मी श्वास सोडला. तासाने पुन्हा तेच.

गुरुवारी दुपारी मी धीर करून शिरस्तेदारांना गाठले. गोविंदराव म्हणजे कचेरीतला सगळ्यांत जुना माणूस, पान खाऊन हळू बोलणारा.

“तुमचा अर्ज?” ते म्हणाले. “हे साहेब आल्यापासून तुमचे अर्ज फाइलला लागत नाहीत, मास्तर.”

“म्हणजे?”

“साहेब घरी नेतात. फार आवडतात त्यांना. वेगळा गठ्ठाच केलाय. पाहुणे आले की वाचून दाखवतात म्हणे, आणि नुसती हसून मुरकुंडी वळते.” त्यांनी मला डोळा मारला. “मोठा मान आहे हो तुमचा!”

आता खरे सांगतो, पहिला क्षणभर मला मान वाटला. एक क्षण. मग मला म्हाकूबाईचा हात आठवला.

“कोल्हं चावलेल्या बाईचा अर्ज त्यातच?”

गोविंदरावांचे पान चघळणे थांबले. “कोल्हं? त्यात कोल्हं होतं?”

“तिसऱ्या पानावर.”

“तिसऱ्या पानापर्यंत कोण जातो, मास्तर!” ते उठून उभे राहिले. साहेब सकाळीच पाहुणे घेऊन कुर्डुवाडीला गेले होते. स्टेशनाजवळच्या बंगल्यात मुक्काम, शुक्रवारी पहाटे तिथून पुढे शिकारीला. आठ दिवस नाहीत. गठ्ठा बरोबर नेलाय, पाहुण्यांसाठी. दुसऱ्या कोणाची सही चालेल का, तर नाही. साहेबाच्या हातात गेलेल्या कागदावर दुसऱ्याने हात ठेवायचा नाही.

“दोनची गाडी आहे,” गोविंदराव म्हणाले. “मुंबईची गाडी कुर्डुवाडीला दिवे लागताना येते. माझं नाव सांगू नका.”

गाडीत आम्ही तिघे खिडकीशी बसलो. न बोलावता साहेबाच्या बंगल्यावर जायचे, म्हणजे लिंबाखालची जागा गेली असे मी धरूनच चाललो होतो. पण ती भीती लहान होती. मोठी भीती समोरच्या बाकावर बसली होती आणि शेंगा फोडत होती.

“मास्तर, माज्या तोंडाकडं काय बगताय? पानी प्याले की मगाशी. पुन्ना पिऊ?”

“नको, नको. तसं नाही.”

मोहोळच्या पुढे गाडीने वेग घेतला. खिडकीतून वारा आत आला आणि म्हाकूबाईने एकदम पदर तोंडावर ओढला, मान खाली घातली. खांदे हलू लागले. मला शिंपी दिसला. माझी बोबडी वळली. बिरूने तिचा दंड धरला. “म्हाकू! आगं म्हाकू!”

तिने पदर काढला. डोळा लाल झाला होता आणि त्यातून पाणी वाहत होते. “इंजिनाचा कोळसा ग्येला डोळ्यात. काय झालं तुमास्नी? मास्तर तर पांढरं फटक पडलं की.”

मी खिडकी लावून घेतली.

बंगल्याच्या ओसरीवर वेताच्या खुर्च्या मांडल्या होत्या. साहेब, एक लठ्ठ पाहुणा आणि त्याची मडम चहा घेत होते. बिरू आणि म्हाकूबाई फाटकाशी थांबली. मी चार पावले पुढे गेलो आणि थबकलो. साहेब वाचत होता. शब्द माझे होते.

‘हँगिंग बाय अ थ्रेड’ आले आणि पाहुणा हसला. ‘मूव्ह हेवन अँड अर्थ’ला मडमने टाळ्या वाजवल्या. साहेब वाचतही चांगला होता, आवाज कुठे चढवायचा ते त्याला कळत होते. दुसऱ्या पानाच्या शेवटी त्याने कागद खाली ठेवला आणि डोळे पुसत चहा ओतून घेतला.

मी खाकरलो. शिपाई धावून आला, पण साहेबाने हात वर केला. मी कोण ते अडखळत सांगितले. अर्ज लिहिणारा मीच हे कळताच साहेब खुर्चीतून उठलाच. लेखक सापडला! त्याने पाहुण्यांना माझी ओळख करून दिली. मडमने विचारले, तुला आणखी किती येतात?

इथे माझा खरा अपराध आहे, आणि तो मी आजवर कोणाला सांगितलेला नाही. त्या वेळी मी एक वाक्य बोलायला हवे होते. पण तिघे गोरे माझ्याकडे हसऱ्या तोंडाने बघत होते. मला वाटले, आधी यांना खूश करू, मग मागू. आणि खोटे कशाला सांगू, मला ते आवडतही होते.

पाहुणा म्हणाला, माणसाला राग आला तर? मी म्हटले, ‘फ्लाय ऑफ द हँडल’. कुऱ्हाडीचे पाते दांड्यावरून निसटून उडते तसे. आनंद झाला तर? ‘इन द सेव्हन्थ हेवन’, सातव्या स्वर्गात. मी हात वर करून स्वर्ग दाखवला. ते खदखदत होते. स्टेशनात घंटा झाली. मुंबईच्या गाडीने मागचे स्टेशन सोडले होते.

“आणि माणूस मेला तर?” मडमने विचारले.

“किक्ड द बकेट, मॅडम,” मी म्हणालो आणि पायाने बादली उडवून दाखवली.

हशाच्या मध्येच मला मागे बांगड्यांचा आवाज आला. म्हाकूबाई फाटकातून आत आली होती. शिपायाने तिला अडवायला हात पुढे केला, तिने तो बाजूला सारला. ती ओसरी चढली, हाताचे फडके सोडले आणि तो हात चहाच्या मेजावर, बशांच्या मधोमध ठेवला.

सुजून काळानिळा पडलेला हात. दातांच्या दोन रांगा. गावात कोणीतरी तापल्या लोखंडाने डागले होते, त्याचे चट्टे. मडम खुर्चीसकट मागे सरकली.

“साह्येब, ह्ये बगा,” म्हाकूबाई म्हणाली. “मास्तर लई हुशार हायत. पर त्येंच्या बोलन्यात ह्ये येत न्हाय.”

साहेबाने माझ्याकडे पाहिले. आता माझी पाळी होती, आणि माझ्या डोक्यातली वही कोरी झाली. अठरा वर्षांची जमवाजमव, एक पान उरले नाही. तोंडातून निघाले ते एवढेच: “मॅड जॅकल, सर. बिट हर. सन्डे. टुडे थर्सडे. नो मेडिसिन.”

आयुष्यात इतके दरिद्री इंग्रजी मी कधी बोललो नव्हतो. ते तिघांनाही एका दमात कळले.

साहेबाने अर्ज उचलला, दोन पाने उलटली आणि तिसरे वाचले. त्याचा चेहरा उतरत गेलेला मी पाहिला. त्याने विचारले, हा माझ्याकडे कधीपासून आहे? मी म्हणालो, मंगळवारपासून. खिशातून पेन काढून त्याने त्याच अर्जाच्या पाठीवर उभ्याउभ्या पास आणि चिठ्ठी लिहिली. चार ओळी. कोण, कोणाकडे, काय आणि का.

सही करून कागद देताना तो थांबला. हळू आवाजात, पाहुण्यांकडे पाठ करून, त्याने मला विचारले, “तुझ्या सगळ्याच अर्जांत तिसऱ्या पानावर असं काहीतरी असतं का?”

मेजाखाली चामड्याची पिशवी होती. तिच्यातून माझ्या अक्षरातला गठ्ठा डोकावत होता.

“होय, सर,” मी म्हणालो.

गाडी फलाटावर उभी होती. आम्ही धावलो. बिरूने म्हाकूबाईला उचलूनच डब्यात टाकले. कागद तिने चोळीत खुपसला आणि खिडकीतून मला म्हणाली, “मास्तर, ती बादली कसली हुती? त्यो पाय उडवला त्यो?”

मी सांगितले नाही. गाडी सुटली.

आठ दिवसांनी शिपायाने माझ्यापुढे गठ्ठा आणून टाकला. सोबत चिठ्ठी वगैरे काही नव्हते. गोविंदराव आणि मी रोज कचेरी सुटल्यावर बसलो. ते एकेक अर्ज उलगडत आणि विचारत, “ह्याला काय पाहिजे होतं?” मी शोधून सांगे. मग पाच ओळींत नवा अर्ज लिहायचा. नरसय्याचा हौद हत्तीखाली चिरडून पडला होता, तो बाहेर काढला. एका म्हातारीला तिचा मुलगा कोणत्या तुरुंगात आहे एवढेच विचारायचे होते. ते मी ‘लीव्ह नो स्टोन अनटर्न्ड’ म्हणजे एकही दगड उलथायचा बाकी न ठेवण्याच्या विनंतीखाली गाडले होते. पत्ता आठवड्यात मिळाला. मी तो घेऊन तिच्या घरी गेलो, तर ती महिन्यापूर्वीच वारली होती. शेजारीण म्हणाली, “रोज विचारायची, कागद आला का म्हणून.”

लिंबाखाली माझे गिऱ्हाईक घटले. “मास्तरांचं इंग्रजी आटलं,” असे लोक म्हणू लागले. बोरामणीच्या पाटलाने शेजारच्या अर्जनविसाकडून कुत्री-मांजरं पाडून घेतली. माझे लक्ष दुसरीकडेच होते.

मुंबईहून काही कळण्याची सोय नव्हती. चौदा दिवस पोटात सुया घेऊन ती दोघे परत माळावर गेली असतील, नसतील. आणि सुया घेतल्या तरी पाच दिवस उशीर झालेला. शिंप्याला दीड महिन्याने झाले होते. कोणाला तीन महिन्यांनीही होते म्हणतात. मी दिवस धरत राहिलो. घरात कोणी पेला आपटला तरी मी दचकून उठे. बायको म्हणे, “तुम्हालाच चावलंय का काही?”

तीन महिने उलटले तेव्हा मला राहवेना. मंगळवेढ्याची मोटार धरली. तिथून विचारत विचारत पायी निघालो. एका वस्तीवर कळले की बिरूचा कळप नदीच्या डोहाकडे उतरलाय. बायको? त्या माणसाला बायकोचे काही ठाऊक नव्हते. डोहाकडे जाताना वाटेत मी दोनदा बसलो. पाय गार नव्हते, उन्हाने पोळत होते, आणि तरी ते पुढे जात नव्हते.

टेकाडावरून खाली पाहिले. काठावर मेंढरे दाटीने उभी होती. कातरण्याआधी धनगर ती नदीत धुतात. बिरू एकेक मेंढी पाण्यात लोटत होता. आणि डोहात, कंबरभर पाण्यात, लुगडे खोचून म्हाकूबाई उभी होती. एका मेंढ्याची शिंगे धरून त्याला बुडवत होती, वर काढत होती आणि त्याच्या सात पिढ्यांना शिव्या देत होती. मेंढ्याने झटका दिला. पाण्याचा लोट तिच्या तोंडावर आला. तिने तो थुंकला, पुन्हा तोंडात आला तो गिळला, आणि शिव्या चालूच.

मी तिथेच टेकाडावर मटकन बसलो. कसे उतरलो ते आठवत नाही.

“कोन, मास्तर?” ती ओरडली. “आवो, त्ये रडाय काय झालं? कोन मेलं?”

“कोणी नाही,” मी म्हणालो. “कोणी नाही मेलं.”

“मग काटावर काय करताय? मानसं कमी हायत हितं. उतरा की!”

मी कोट आणि टोपी काढून दगडावर ठेवली आणि पाण्यात उतरलो. तिने एक मेंढी माझ्याकडे ढकलली. ती माझ्या हातात धडपडू लागली आणि मी घाबरून तिला जवळजवळ सोडलीच.

“घट्ट धरा, मास्तर,” म्हाकूबाई म्हणाली. “चावत न्हाय ती.”